इटालियन बाईक घ्यायचीय? आधी गावापासून वर्कशॉप किती लांब आहे ते मोजा

रोजची ये-जा आणि वर्षातून एखादी लांबची ट्रिप, दोन्हीला एकच गाडी हवी असेल तर काय बघायचं? बारामतीत बनणारी, चीनमध्ये बनणारी आणि थेट परदेशातून येणारी इटालियन गाडी यात फरक काय? वाचा सविस्तर.

इटालियन गाडी म्हटलं की डोळ्यासमोर येते ती यूट्यूबवर दिसणारी लालभडक, मोठ्या आवाजाची बाईक. पण इटलीची गाडी आपल्या खेड्यापाड्याला नवी नाही. १९६० च्या दशकात बजाजने व्हेस्पा स्कूटर काढली ती इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर. साताऱ्यात बनणारी प्रिया स्कूटर त्याच घराण्यातली. आजही वाडीवस्तीवरून बाजाराला माणसं आणि भाजीपाला नेणारी तीनचाकी आपे पियाजिओचीच, आणि ती बनते बारामतीत. इटालियन भाषेत आपे म्हणजे मधमाशी आणि व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी.

आता त्याच बारामतीच्या कारखान्यातून मोटारसायकलही बाहेर पडतेय. पियाजिओच्या मालकीच्या एप्रिलिया कंपनीची आरएस ४५७ ही गाडी डिसेंबर २०२३ मध्ये गोव्यात इंडिया बाईक वीकला ४ लाख १० हजार रुपये एक्स-शोरूम किमतीत बाजारात आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिचीच बहीण ट्युओनो ४५७ आली, ३ लाख ९५ हजारांना. त्याआधी इटालियन गाडी म्हणजे दहा-पंधरा लाखांची, मोठ्या शहरातल्या पैसेवाल्यांची गोष्ट होती. आता हप्त्यावर का होईना, ती तालुक्याच्या गावातल्या पोराच्या आवाक्यात दिसायला लागली. आणि इथंच सावध व्हायची गरज आहे. कारण गाडी घेणं एक दिवसाचं काम, पण ती चालवणं आणि सांभाळणं पाच-सात वर्षांचं.

आधी वर्षाचे किलोमीटर मांडा

समजा, एक तरुण एमआयडीसीत कामाला आहे. गावापासून कंपनी ३५ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ७०. महिन्याला २५ दिवस काम धरलं तर वर्षाचे २१ हजार किलोमीटर होतात. त्याची इच्छा अशी की वर्षातून एकदा मित्रांबरोबर लांब जायचं. कधी कोकणातून गोवा, कधी हंपी, कधी राजस्थान. त्याचे धरा ३ हजार. एकूण झाले २४ हजार.

म्हणजे गाडीच्या आठ किलोमीटरमधले सात रोजच्या कामाचे आणि एक ट्रिपचा. गाडी निवडताना मात्र बहुतेक जण उलटं करतात. घाटात, डोंगरात गाडी कशी दिसेल हे बघून घेतात, आणि मग वर्षभर तीच गाडी स्पीडब्रेकर, उसाच्या ट्रॉल्या आणि चिखलातून ओढत बसतात. लांबच्या प्रवासाची गाडी निवडायचीच, पण तिची परीक्षा रोजच्या ३५ किलोमीटरवर घ्यायची.

इटालियन म्हणजे नेमकी कुठली?

टाकीवर इटालियन नाव असलं तरी या गाड्यांचे सरळ तीन गट पडतात.

पहिला गट, आपल्याकडंच बनणाऱ्या. यात एप्रिलियाच्या ४५७ सीसीच्या दोन गाड्या. एप्रिलियाचं मूळ गाव व्हेनिसजवळचं नोआले. गाडीची आखणी तिकडची, बांधणी बारामतीची. आयात शुल्क नाही म्हणून किंमत आटोक्यात.

दुसरा गट, नाव इटलीचं पण मालकी आणि बांधणी चीनची. बेनेली ही १९११ साली पेसारो गावात सुरू झालेली कंपनी. तेरेसा बेनेली या विधवा बाईने सहा पोरांना हाताला काम मिळावं म्हणून घरचा पैसा घालून दुरुस्तीचं गॅरेज काढलं, तिथून ही कंपनी उभी राहिली. २००५ साली ती चीनच्या कियानजियांग कंपनीने घेतली. मोटो मोरिनी ही बोलोन्याची १९३७ सालची कंपनी, तीही २०१८ पासून चिनी मालकीची. या दोन्हींच्या गाड्या भारतात हैदराबादच्या एका कंपनीमार्फत विकल्या जातात. चिनी म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. बेनेलीची टीआरके ५०२ ही लांबच्या प्रवासाची गाडी २०२० आणि २०२१ मध्ये खुद्द इटलीत सगळ्यात जास्त विकली गेलेली मोटारसायकल होती.

तिसरा गट, पूर्ण तयार होऊन परदेशातून येणाऱ्या. डुकाटी, मोटो गुझी आणि एप्रिलियाच्या मोठ्या गाड्या यात येतात. डुकाटीच्या भारतात येणाऱ्या बऱ्याच गाड्या थायलंडच्या कारखान्यातून येतात. १६०० सीसीपर्यंतच्या अशा तयार गाडीवर मूळ आयात शुल्क २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आलं. तरी त्यावर जीएसटी चढतोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या सगळ्या मोटारसायकलींना ४० टक्के जीएसटी आहे, मग ती बारामतीत बनलेली असो की बोलोन्यात. म्हणून जुन्या व्हिडिओत सांगितलेल्या किमतीवर विसंबू नये, आजचा ऑन-रोड भाव लेखी घ्यावा.

कोणती गाडी कशाला चालते?

एप्रिलिया आरएस ४५७: दोन सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं इंजिन, सुमारे ४७ अश्वशक्ती, भरलेल्या टाकीसह वजन १७५ किलो. ताकद नेमकी एवढीच का? युरोपात १८ वर्षांच्या मुलाला ज्या परवान्यावर गाडी चालवता येते त्यात ताकदीची मर्यादा ३५ किलोवॅट आहे, म्हणजे ४७ अश्वशक्तीच्या जरा वर. त्या मापात बसवून हे इंजिन केलंय. गाडी वजनाला हलकी, ब्रेक आणि पकड उत्तम. पण हँडल खाली आहे. पुढं वाकून बसावं लागतं, मनगटावर भार येतो. रोज ७० किलोमीटर असं बसणं तिशीनंतर कंबरेला झेपेलच असं नाही. टाकी १३ लिटरची, त्यामुळं लांबच्या प्रवासात अडीचशे-तीनशे किलोमीटरला पंप गाठावा लागतो. मागची सीट नावापुरती. बायकोला साडीत मागं बसवून सोयऱ्याकडं जायची ही गाडी नव्हे.

एप्रिलिया ट्युओनो ४५७: इंजिन तेच, पण हँडल वर आणि रुंद, बसणं सरळ. बारामतीच्या दोघींत रोजच्या वापराला हीच बरी. वारा अडवणारी काच छोटी असल्यानं हायवेवर तासन्‌तास गेलं की छातीवर वारा बसतो. लांब जाताना बॅग बांधायची जागाही कमी.

बेनेली टीआरके ५०२: हिची बांधणी मूळातच लांबच्या प्रवासाची. ५०० सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, ताकद ४५७ एवढीच, टाकी तब्बल २० लिटरची. मोठी काच, सरळ बसणं, मागं बसणाऱ्यालाही ऐसपैस जागा. एकदा टाकी फुल केली की साडेचारशे किलोमीटरची चिंता नाही. पण वजन २३५ किलो. तुलनेला सांगायचं तर गावात दिसणारी १०० सीसीची गाडी ११०-११५ किलोच्या आसपास असते. पावसाळ्यात मळ्याच्या कच्च्या वाटेवर ही गाडी कलली तर एकट्या माणसाला उचलणं अवघड. २०१९ मध्ये ती भारतात आली तेव्हा किंमत ५ लाख होती, आता त्याहून बरीच पुढं गेली आहे.

मोटो गुझी व्ही८५ टीटी: कोमो सरोवराच्या काठच्या मांदेल्लो गावात १९२१ पासून गुझीचा कारखाना आहे. १९२८ साली कंपनीच्या मालकाचा भाऊ ज्युसेप्पे गुझी याने मागच्या चाकाला झटके खाणारी नवी बांधणी केलेली गाडी स्वतः चालवत नॉर्वेत, आर्क्टिक वर्तुळाच्या पलीकडं नेली. त्या काळी बहुतेक मोटारसायकलींना मागं सस्पेन्शनच नसायचं. लांबच्या प्रवासाची ती परंपरा या कंपनीने अजून सोडलेली नाही. व्ही८५ टीटीला ८५३ सीसीचं हवेनं थंड होणारं इंजिन, २३ लिटरची टाकी, वजन साधारण २३० किलो. दोन्ही सिलिंडर टाकीच्या दोन बाजूंना बाहेर आलेले असतात. उभ्या गाडीची मूठ पिळली की गाडी किंचित एका बाजूला हलते. तो बिघाड नव्हे, इंजिन लांबीत बसवल्यामुळं तसं होतं. किंमत पंधरा लाखांच्या पुढं, आणि या गाडीला हात लावणारे कारागीर राज्यात मोजकेच.

डुकाटी: बोलोन्याची ही कंपनी १९२६ साली रेडिओचे भाग बनवायला सुरू झाली, मोटारसायकलीकडं वळली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. लांबच्या प्रवासाला तिची मल्टिस्ट्राडा मालिका जगभर नावाजलेली. मल्टिस्ट्राडा व्ही४ ला ११५८ सीसीचं इंजिन, १७० अश्वशक्ती आणि पुढच्या गाडीपासून आपोआप अंतर राखणारं रडार. सिग्नलला उभी राहिली की मागचे दोन सिलिंडर बंद होतात, मांड्यांना चटके कमी बसावेत म्हणून. गाडी अप्रतिम आहे यात वाद नाही. पण तिच्या किमतीत तालुक्याच्या गावाला घर होतं. डुकाटीची स्वस्तातली गाडीही दहा लाखांच्या पुढंच सुरू होते.

टॅपेट, बेल्ट, चेन आणि शाफ्ट

जाहिरातीत अश्वशक्ती सांगतात. खर्च मात्र ठरतो तो चार गोष्टींवर.

एक, टॅपेट. इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट ठराविक किलोमीटरनंतर तपासावी लागते. साध्या गाडीत गावचा मेकॅनिक हे काम अर्ध्या तासात करतो. इटालियन गाडीत ते गाडीगणिक बदलतं. डुकाटीच्या बऱ्याच इंजिनांत डेस्मो नावाची पद्धत असते. इतर इंजिनांत व्हॉल्व्ह बंद करायचं काम स्प्रिंग करते, डेस्मोत उघडायला एक आणि बंद करायला दुसरी अशी वेगळी दांडी असते. म्हणजे फटीही दुप्पट तपासायच्या. काम नाजूक, वेळ जास्त, मजुरी जास्त. डुकाटी स्क्रॅम्बलरला ही तपासणी दर १२ हजार किलोमीटरला. वरच्या उदाहरणातल्या तरुणाचे वर्षाला २४ हजार होतात, म्हणजे त्याला ती वर्षातून दोनदा करावी लागेल. मल्टिस्ट्राडा व्ही४ ला मात्र कंपनीने साधी स्प्रिंग वापरली आणि ही तपासणी थेट ६० हजार किलोमीटरवर नेली. मोटो गुझीला १० हजारला बघावं लागतं, पण सिलिंडर बाहेरच असल्यानं झाकण काढलं की काम समोर. स्क्रू आणि नट ढिला करून होतं.

दोन, टायमिंग बेल्ट. डुकाटीच्या बऱ्याच जुन्या आणि काही नव्या इंजिनांत रबरी बेल्ट असतो. तो किलोमीटरवरच नाही, वर्षांवरही बदलावा लागतो, साधारण पाच वर्षांनी. गाडी शेडमध्ये नुसती उभी असली तरी रबर म्हातारं होतं. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर होऊन इंजिन कामातून जातं.

तीन, चेन. एप्रिलिया, बेनेली, डुकाटी या गाड्या चेनवर चालतात. चेन उघडी असते, आपल्या साध्या गाडीसारखं चेनकव्हर नसतं. सहाशे-सातशे किलोमीटरला ती पुसून वंगण द्यावं लागतं. रोज ७० किलोमीटर चालवणाऱ्याला हे दहा दिवसांनी आलंच, आणि पावसाळ्यात त्याहून लवकर. आळस केला तर चेन-स्प्रॉकेटचा सेट वेळेआधी संपतो, आणि मोठ्या गाडीचा सेट हजारांत जातो.

चार, शाफ्ट. मोटो गुझीला चेन नसते. ट्रॅक्टरवरून रोटाव्हेटरला ताकद द्यायला जसा शाफ्ट असतो, तसाच बंद नळीतला शाफ्ट मागचं चाक फिरवतो. चिखल-पाण्याचा त्रास नाही, ठराविक काळाने ऑईल बदललं की झालं. वर्षाला २५-३० हजार किलोमीटर फिरणाऱ्याला शाफ्टसारखं सुख नाही. अडचण एवढीच की ते सुख पंधरा लाखांना मिळतं.

वेग कुठं वापरणार?

इटलीत ऑटोस्ट्राडा म्हणजे त्यांच्या द्रुतगती मार्गावर ताशी १३० किलोमीटरची मर्यादा आहे आणि तिथं मोटारसायकलींना परवानगी आहे. या गाड्या त्या रस्त्यांचा विचार करून घडवल्यात. आपल्याकडं मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग, दोन्हीवर दुचाकीला बंदी. चौपदरी रस्त्यावरही मोटारसायकलला केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० ची. म्हणजे दीडशे-दोनशेचा वेग हा कागदावरच राहणार. १७० अश्वशक्तीसाठी दिलेला जादा पैसा महाराष्ट्रातल्या रस्त्यावर वसूल होत नाही.

मग मोठ्या गाडीचा फायदा काय? फायदा आहे. ८० च्या वेगाला दोन सिलिंडरचं इंजिन निवांत चालतं, हातापायांना मुंग्या येत नाहीत. ट्रक ओलांडताना मूठ पिळली की गाडी लगेच पुढं जाते. दोन्ही चाकांना एबीएस असल्यानं ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. दिवसाला चारशे किलोमीटर गेल्यावर माणूस कमी थकतो. हे सगळं चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या गाडीतही मिळतं. त्यापुढची ताकद ही हौस आहे. हौसेला मोल नाही हे खरं, पण हप्त्याला असतं.

उंची, वजन आणि पंक्चर

शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर प्रत्येक गाडी झेपते. गाडीवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का हे आधी बघावं. आपल्याकडच्या साध्या गाडीची सीट साधारण ७८०-७९० मिलिमीटरवर असते. एप्रिलिया ४५७ ची ८०० वर, गुझी व्ही८५ ची ८३० वर, बेनेलीच्या टीआरके ५०२ एक्स या उंच प्रकाराची ८६० वर. साडेपाच फुटी माणसाला ८६० म्हणजे टाचा अधांतरी. उतारावर, खडीवर गाडी थांबवताना हाच फरक पाडतो आणि पाडतोही.

चाक अॅलॉयचं आहे की तारांचं हेही विचारावं. अॅलॉय चाकाला ट्यूबलेस टायर, त्यामुळं पंक्चर कुठल्याही टपरीवर निघतं. तारांच्या चाकात कधी ट्यूब असते, कधी नसते. ट्यूब असेल तर चाक खोलावं लागतं, आणि मोठ्या गाडीचं चाक खोलायचा पाना गावच्या टपरीवर असेलच असं नाही. टायरचं मापही आधी बघून ठेवावं. मागचा रुंद रेडियल टायर तालुक्याला मिळत नाही, मागवावा लागतो, आणि रोज चालणाऱ्या गाडीला तो दहा-बारा हजार किलोमीटरला बदलायला येतो.

हप्ता आणि पेट्रोल, दोन्ही मिळून किती?

पुन्हा त्या तरुणाचा हिशोब. चार लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षं. महिन्याचा हप्ता येतो साधारण ८,५०० रुपये. पाच वर्षांत व्याजच १ लाख १० हजारांच्या आसपास जातं. आरटीओ आणि विमा वेगळा.

पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाडीचं अॅव्हरेज २५ धरलं तर २४ हजार किलोमीटरला ९६० लिटर, म्हणजे १ लाख ८०० रुपये. तेच अंतर ६० चं अॅव्हरेज देणाऱ्या साध्या गाडीने गेलं तर ४०० लिटर, ४२ हजार रुपये. फरक वर्षाला ५८ हजार ८०० चा. हप्ता आणि पेट्रोल मिळून महिन्याला १६ हजार ९०० रुपये झाले. टायर, चेन, सर्व्हिसिंग, विमा अजून यात धरलेलंच नाही.

पगार दरमहा येतो त्याचं एक वेळ निभतं. पण ज्याच्या घरात पैसा उसाचं बिल निघाल्यावर किंवा कांदा विकल्यावर येतो, त्याला दर महिन्याच्या तारखेचा हप्ता जड जातो. भाव पडला म्हणून फायनान्सवाला थांबत नाही. पीककर्ज डोक्यावर असताना गाडीचं दुसरं कर्ज घ्यायचं का, हा विचार गाडीच्या रंगाआधी व्हायला हवा.

हिशोब मांडला की एक गोष्ट लक्षात येते. रोजचं अंतर ७० किलोमीटर असेल तर एक मोठी गाडी दोन्हीकडं वापरण्यापेक्षा रोजच्याला घरातली जुनी साधी गाडी ठेवणं आणि मोठी गाडी रविवारी, सणाला, ट्रिपला काढणं स्वस्त पडतं. तसं केलं तर मोठ्या गाडीचे वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच होतात. टायर दोन वर्षं जातो, टॅपेटची तपासणी लांबते, पेट्रोल पाव भागावर येतं. मात्र ऑईल आणि बेल्ट तारखेप्रमाणे बदलावे लागतातच. रोजचं अंतर २०-२५ किलोमीटर, रस्ता डांबरी आणि वर्कशॉप पन्नास किलोमीटरच्या आत असेल तर मात्र एकच गाडी दोन्हीकडं खुशाल वापरावी.

वर्कशॉप हाच खरा प्रश्न

या गाड्यांचा बिघाड आता पान्याने कळत नाही, लॅपटॉप लावून कळतो. तो लॅपटॉप, ती वायर आणि तो प्रोग्रॅम कंपनीच्या वर्कशॉपमध्येच असतो. समजा वर्कशॉप १४० किलोमीटरवर आहे. सर्व्हिसिंगला जाऊन-येऊन २८० किलोमीटर आणि कामावरची एक सुट्टी गेली. गाडी सुरूच झाली नाही तर पिकअप भाड्याने घेऊन, गाडी दोऱ्यांनी बांधून न्यावी लागते. सुटा भाग नसेल तर गाडी तिथंच पडून राहते, आणि हप्ता मात्र चालू राहतो.

बारामतीत बनते म्हणून एप्रिलियाचं काम कुठंही होईल असंही समजू नये. जिल्ह्याच्या गावाला व्हेस्पाचं शोरूम असलं तरी तिथं ४५७ चं काम होतं का, त्याचं शिक्षण घेतलेला मेकॅनिक आहे का, हे स्वतः जाऊन विचारावं. डुकाटीचं अधिकृत काम राज्यात मुंबई-पुण्यातच.

कंपनीचा भारतातला भागीदारही कायमचा नसतो. बेनेली भारतात आली ती पुण्याच्या डीएसके समूहाबरोबर. २०१८ मध्ये भागीदार बदलला आणि काम हैदराबादच्या महावीर समूहाकडं गेलं. असा बदल होतो तेव्हा जुन्या गिऱ्हाईकाने वॉरंटीसाठी कुणाचं दार वाजवायचं, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून आज शोरूम किती झकपक आहे यापेक्षा ते किती वर्षांपासून टिकून आहे, हे बघावं.

जुनी घेताना

दहा लाखांची गाडी चार-पाच लाखांत मिळते म्हणून अनेक जण जुनी डुकाटी किंवा बेनेली बघतात. किंमत कमी झाली तरी तिचे सुटे भाग दहा लाखांच्या गाडीचेच असतात. जुनी घेताना सर्व्हिसिंगची पावती-पुस्तिका बघावी. बेल्ट कुठल्या तारखेला बदलला हे पावतीवर असेल तरच खरं मानावं. दोन्ही चाव्या हातात घ्याव्यात, कारण इलेक्ट्रॉनिक चावी नवी करणं महागात पडतं. आरसी पुस्तकावर कर्जाचा बोजा आहे का, गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर एनओसी आणि इथला कर कोण भरणार, हे लेखी ठरवावं. टाकीच्या झाकणाजवळचं लेबलही वाचावं. युरोपातल्या गाड्यांवर ई५, ई१० असं लिहिलेलं असतं, म्हणजे इथेनॉलचं प्रमाण ५ किंवा १० टक्क्यांपर्यंत चालतं. आपल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ती गाडी त्यावर चालेल का, हे कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारूनच व्यवहार करावा.

बयाणा देण्याआधी विचारायचे प्रश्न

- या गाडीचं सगळं काम होणारं सर्वांत जवळचं वर्कशॉप कुठलं, आणि किती किलोमीटरवर?
- टॅपेटची तपासणी किती किलोमीटरला, मजुरीसह खर्च किती? आकडा लेखी मिळेल का?
- क्लचची केबल, ब्रेक पॅड, आरसा, ब्रेकची मूठ हे भाग स्टॉकमध्ये आहेत का? नसतील तर किती दिवसांत येतात?
- गाडी बंद पडली तर उचलून न्यायची सोय आपल्या गावापर्यंत आहे का, की फक्त शहरापुरती?
- मागं बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पायटेकू आणि साडीगार्ड आहे का? कायद्याने ते लागतं.
- बॅगा आणि इंजिन वाचवणारा गार्ड किमतीत आहे की वेगळा?
- टेस्ट राईड किमान अर्धा तास मिळेल का, आणि तीही भर दुपारी, गर्दीच्या रस्त्यावर?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. सकाळच्या गार हवेत मोकळ्या रस्त्यावर पाच मिनिटं चालवून कुठलीही गाडी आवडते. एप्रिल-मेच्या दुपारी बाजारपेठेतून दहा मिनिटं हळूहळू नेली की इंजिनची धग, क्लचचा जडपणा आणि मनगटावरचा भार, सगळं कळतं. टेस्ट राईडला घरातल्या माणसालाही मागं बसवून न्यावं. शोरूमवाल्यापेक्षा खरं उत्तर तिथून मिळतं.

आणि घरी वडील विचारतात, "बंद पडली तर नेणार कुठं?" पोरांना हा प्रश्न जुन्या वळणाचा वाटतो. पण ट्रॅक्टर घेताना, मोटार घेताना त्यांनी हाच प्रश्न विचारलेला असतो, आणि त्याचं उत्तर मिळाल्यावरच बयाणा दिलेला असतो. इटालियन गाडी घेतानाही तेवढं उत्तर आधी हातात असावं, मग रंग निवडावा.